चेंडोबाला लाथ

अन्नपूर्णाबाई म्हटलं तर आसलखेडात कोणाच्या लवकर लक्षात येत नाही. लाथवाल्या बाई म्हणा, मग बघा. पारावर पेंगणारा म्हातारासुद्धा ताठ होऊन बसतो आणि सांगायला लागतो, आणि सांगताना निम्मं खोटं सांगतो. कोणी म्हणतो, चेंडू देवळाच्या कळसावरून गेला. कोणी म्हणतो, बाईंच्या अंगात आलं होतं. अंगात वगैरे काही आलं नव्हतं. बाई पूर्ण शुद्धीवर होत्या आणि गावाला खरा राग त्याचाच होता.

बाई मूळच्या जानेफळच्या. वडील पुंजाजी विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि मेहकरच्या बाजारात विकायचे. मुलगी अकोल्याला जाऊन बी. एस्सी. झाली तेव्हा भावकीत कोणी पेढा मागितला नाही, सगळ्यांनी एकच विचारलं, "आता हिले पोरगा कुठून आणशीन?" पुंजाजींनी मुलीशी एक बोली केली. दोन वर्षं नोकरी कर. कायम झालीस तर तुझं तू पाह्य. नाही झालीस तर गुमान घरी ये आणि मी दाखवीन त्या पोराशी लगन कर. पुंजाजींनी पोरगा पाहूनही ठेवला होता. तीस एकरांचा धनी, सातवी नापास, आणि बायकोनं चार बुकं जास्त शिकलेली असणं म्हणजे आपला अपमान असं उघड बोलून दाखवणारा. बाईंनी बोली मान्य केली, पासष्टच्या जूनमध्ये ट्रंक उचलली आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जळगाव जामोदच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आसलखेडच्या शाळेत रुजू झाल्या. दोन वर्षांचा निकाल सदुसष्टच्या मार्चमध्ये लागायचा होता.

निकाल लावणारे होते अर्जुनराव, संस्थेचे अध्यक्ष. गाव त्यांना दादासाहेब म्हणायचं. माणूस वाईट नव्हता. शाळेला जागा त्यांनीच दिली, भिंतींना विटा त्यांनीच दिल्या, आणि आपली मुलगी पुष्पा हिलाही त्यांनी सातवीनंतर घरी बसवलं नव्हतं. पण आपल्या जागेवरच्या शाळेत वारासुद्धा आपल्याला विचारून वाहावा, असं त्यांना वाटायचं.

तर फेब्रुवारीतली गोष्ट. दहावीच्या वर्गात गतीचा धडा चालू होता. वस्तू वर फेकली तर पंचेचाळीस अंशांच्या कोनात फेकल्यावर ती सगळ्यांत लांब जाते, हे वाक्य वर्गातल्या सव्वीस जणांना पाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं. बाईंनी पुष्पाला उभं केलं.

"वावरात पाखरं हाकलायला गोफण मारतेस ना? दगड लांब टाकायचा तर काय करशील?"

"जितका वर जाईन तितका वर मारीन, बाई."

"मग पंचेचाळीस अंशांचं काय?"

पुष्पानं जरा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "ते परीक्षेत लिहायचं असते."

वर्ग हसला नाही, कारण वर्गाला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. बाईंच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. रात्रंदिवस घोकून मिळवलेली आपली पदवी, अकोल्याच्या वसतिगृहातलं पाणचट वरण, भावकीचे टोमणे, हे सगळं सोसून आपण इथे येऊन परीक्षेत लिहायची वाक्यं वाटत बसलो आहोत, असं त्यांना वाटलं. फळ्यावर पुन्हा एकदा कोन काढायला त्यांनी खडू उचलला आणि खाली ठेवला. हे डोळ्यांनी दाखवायला हवं. दगड प्रत्येक वेळी वेगळा, गोफण प्रत्येक हाताची वेगळी. एकच गोल वस्तू हवी, पुन्हा पुन्हा मारता येईल अशी. बाईंची नजर प्रयोगाच्या कपाटावरच्या कोनाड्यात गेली. तिथे चेंडोबा बसला होता.

चेंडोबा म्हणजे फुटबॉल. चार वर्षांपूर्वी अर्जुनराव कापूस घेऊन मलकापूरला गेले असताना रेल्वेतल्या एका ओळखीच्या गार्डसाहेबांनी बदलीची बांधाबांध करताना तो त्यांना शाळेसाठी दिला. आसलखेडात हुतूतू होतं, खो-खो होतं, फुटबॉल कोणी पाहिलेला नव्हता. चामड्याचा एवढा मोठा चेंडू हातानं खेळायचा की पायानं, यावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी तो कपाटात गेला. मग आली खंडेनवमी. शाळेचा शिपाई उकंडराव यानं रीतीप्रमाणे शाळेची सगळी अवजारं बाहेर काढून धुतली पुसली. घंटा, तराजू, पृथ्वीचा गोल, सुताराचा रंधा, आणि हा चेंडू. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. चेंडू गोल होता, कोणाच्याच कामाचा नव्हता आणि कोनाड्यात शोभत होता, म्हणून त्याला बोटभर शेंदूर लावला.

उकंडरावाला कोणी हसू नये. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. तो जन्मला तेव्हा आईनं त्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, टाकून पुन्हा उचलून आणलं, देवाची नजर चुकवून, म्हणून त्याचं नाव उकंडा. ज्याचा सबंध जीवच असा देवाच्या हातून वाचवून आणलेला, तो देवाच्या बाबतीत हयगय करीत नाही. त्यातून त्या वर्षी मॅट्रिकला चौदांपैकी अकरा पास झाले. त्याआधी कधी चारच्या वर गेले नव्हते. पुढच्या खंडेनवमीला उकंडरावानं बोटभर नाही, वाटीभर शेंदूर तेलात कालवून थापला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. पोरं परीक्षेला जाताना कोनाड्यासमोर नारळ फोडू लागली. नाव कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण चेंडोबा झाला. बाई रुजू झाल्या त्या वर्षीचा शेंदूर त्यांनी स्वतः पाहिला होता. तेव्हा त्या नव्या होत्या, गप्प बसल्या. आपण गप्प बसलो ही गोष्ट त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही.

"उकंडराव, तो बॉल खाली काढा," बाई म्हणाल्या.

"कोणता बॉल?" उकंडरावानं खरोखरच विचारलं.

बाईंनी बोट दाखवलं. उकंडराव दोन पावलं मागे सरला. "मास्तरीनबाई, तो देव हाय."

"तो फुटबॉल आहे. त्याला लाथ मारायची असते."

उकंडरावानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तसाच बाहेर पडला. बाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि चेंडोबाला खाली उतरवलं. उचलताना त्यांना नवल वाटलं, हा एवढा जड कसा? पण तेवढ्यात वर्गातल्या अर्ध्या मुलींनी डोळे मिटून हात जोडले, तेव्हा तो विचार राहून गेला. तो तेव्हाच केला असता तर पुढचा निम्मा तमाशा टळला असता. संध्याकाळी बाईंनी सायकलच्या दुकानातून पंप मागवला, मागची वादी सोडून ब्लॅडरमध्ये हवा भरली, वादी पुन्हा आवळली. शेंदराला चार तडे गेले, पण खोळ सुटली नाही. चार वर्षांचं तेल पिऊन ती चामड्याला घट्ट धरून होती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मैदानात शंभरएक माणूस जमलं. पुढे अर्जुनराव, त्यांच्या मागे छत्री धरून हेडमास्तर नारायणराव, बाजूला रडवेला उकंडराव. दहावीच्या मुली ओसरीवर उभ्या होत्या. त्यांत पुष्पा नव्हती. तिला घरी बसवलं होतं.

बाई आल्या त्या नऊवारी लुगडं नेसून. रोज गोल पातळ नेसणाऱ्या बाईंनी आईचं लुगडं ट्रंकेतून काढून, कासोटा घट्ट मारून यावं, याचा अर्थ लोकांना आपोआप कळला आणि कुजबुज वाढली.

"बाई," अर्जुनराव म्हणाले, "हे काय ऐकून राह्यलो मी? पूजलेल्या वस्तूले लाथ?"

"दादासाहेब, पोळ्याले बैल पुजता ना तुम्ही?" बाईंची शाळेतली भाषा राग आला की जानेफळला परत जायची.

"पुजतो."

"पाया पडता?"

"पडतो बी."

"आन् दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी वखराले जुपतो. पण बैल कामाचा हाय, बाई."

"हा बी कामाचाच हाय. तुम्ही चार वर्षं काम नाही दिलं म्हणून देव झाला."

मागे कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकला काढला. अर्जुनरावांचा चेहरा लाल झाला. पण ते पंचायतीत वाढलेले, भर सभेत चिडायचं नाही हे त्यांना येत होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "बरं. काय शिकवणार होतात लाथ मारून?"

बाईंनी सांगितलं. सारख्या जोरानं तीन वेळा मारला, एकदा खालून, एकदा मधून, एकदा खूप वर, तर मधला सगळ्यांत लांब पडतो.

"काहीच्या काही!" अर्जुनराव आता मोकळे हसले. "जितका वर जाईन तितका दूर पडन, हे लहान लेकराले समजते. विचारा कोणालेही." त्यांनी वळून विचारलं आणि शंभर माणसांनी माना डोलावल्या. मग त्यांनी भर मैदानात शब्द दिला. बाईंचं खरं निघालं तर उद्याच्या उद्या कायमचा कागद. खोटं निघालं तर बाईंनी चेंडोबासमोर नाक घासायचं, नारळ वाढवायचा आणि मार्चची वाट न पाहता गावची मोटार पकडायची.

"कबूल," बाई म्हणाल्या. "पण मारणार कोण? तुमचा माणूस द्या. नाही तं म्हणशान, बाईनं जोर कमीजास्त केला."

अर्जुनरावांनी मागे पाहिलं. मागचे शंभर जण आपापल्या पायांकडे पाहू लागले. पन्नास पन्नास किलोचं पोतं पाठीवर मारणारे गडी त्यांत होते. एकही पुढे आला नाही.

"मग मलेच मारावी लागन," बाई म्हणाल्या. "तीनही वेळा अंगात हाय तेवढा जोर."

बाईंनी चपला काढून ठेवल्या. चेंडू मधोमध ठेवला, शेंदराचं तोंड समोर. मागे सहा पावलं गेल्या. आणि इथे त्यांनी चूक केली. अकोल्याच्या मैदानावर फुटबॉलच्या मॅची त्यांनी वसतिगृहाच्या गच्चीवरून कितीदा पाहिल्या होत्या. पायाची कोणती बाजू लावायची, घोटा कसा धरायचा, सगळं त्यांना ठाऊक होतं, मुलींना काल फळ्यावर काढूनही दाखवलं होतं. पण त्या क्षणी डोळ्यांसमोर चेंडू नव्हताच. समोर शंभर माणसांचं हसू होतं, जानेफळची भावकी होती, तीस एकरांचा तो धनी होता. बाई धावल्या आणि रागानं, सरळ अंगठ्यानं, चेंडोबाला लाथ हाणली.

अंगठ्यातून कळ थेट मस्तकात गेली. चेंडू वर गेलाच नाही. हेलकावे खात, दारुड्यासारखा डावीकडे वळला, नारायणरावांच्या छत्रीला घासून कडुलिंबाच्या बुंध्यावर आदळला आणि फटकन आवाज झाला. चेंडू एकीकडे घरंगळला आणि शेंदराची खोळ चार तुकडे होऊन मुळाशी पडली.

बाईंच्या अंगठ्याचं नख उचकटलं होतं, मातीत रक्ताचे थेंब पडत होते. मग उकंडराव धावला. त्यानं धोतराच्या सोग्यात ते तुकडे गोळा केले, बाईंकडे एकदा पाहिलं, आणि मोठ्यानं ओरडला, "खोळ सोडली! देवानं खोळ सोडली!"

गावाला ते शब्द हवेच होते. देवाच्या अंगावर वर्षानुवर्षं शेंदूर साचला की एक दिवस देव आपणहून खोळ टाकतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं. त्यात पाप कोणाचंच नसतं. शंभर हात जोडले गेले. बाई उकंडरावाकडे पाहत राहिल्या. त्या माणसानं आपल्याला वाचवलं हे त्यांना कळलं. पण आता रडायला वेळ नव्हता. त्यांनी उकंडरावाच्या सोग्यातला एक तुकडा उचलून तळहातावर तोलला. कपाळाला लावायचा शेंदूर म्हणजे शिशाची भुकटी, आणि शिसं म्हणजे किती जड. चार वर्षं ते एकाच बाजूला थापलेलं. अशी एका अंगाला जड वस्तू सरळ जाईलच कशी? आपण काल उचलतानाच थांबलो असतो तर! आणि वर आपला अंगठा. चिंचोळ्या टोकानं मारलं की चेंडूच्या नेमक्या मध्यावर बसत नाही, जरा बाजूला बसला की तो गरगरत भलतीकडे जातो. दोन्ही गोष्टी पुस्तकात होत्या. रागात पुस्तक विसरलं.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "अजून तीन राह्यले."

"देवानं खोळ सोडली, आता कायले..." नारायणराव पुटपुटले.

"तो अंगठ्याचा मोजायचा नाही. तो चुकला."

त्यांनी पदराची कड फाडून अंगठा आवळला. चेंडू आता तपकिरी, साधा, हलका होता. बाईंनी तो पुन्हा मधोमध ठेवला आणि या वेळी ओसरीवरच्या मुलींकडे तोंड करून, जणू वर्गात उभ्या आहोत अशा आवाजात बोलू लागल्या. "डावा पाय चेंडूच्या शेजारी रोवायचा, मागं नाही. घोटा असा ताठ. ढिला ठेवला तर जोर घोट्यातच जिरतो. अंगठा खाली, आणि पायाची वरची हाडं लावायची. खाली ठेवायचा असेल तर अंग चेंडूवर झुकवा. उचलायचा असेल तर अंग मागं, आणि पाय चेंडूच्या पोटाखाली. लागल्यावर पाय थांबवायचा नाही. जितका वेळ पाय चेंडूला लागून राहील तितका जोर त्याला मिळतो."

पहिली लाथ. चेंडू जमिनीलगत सुसाट गेला आणि लवकर टेकला. टेकला तिथे नारायणरावांनी चुन्याची रेघ ओढली. सतरा पावलं.

दुसरी. दुखऱ्या पायानं बाई धावल्या, अंग जरा मागं टाकलं, आणि चेंडू उठला. साध्यासरळ वाटेनं चढला, टोकाला गेला, उतरू लागला. घंटेच्या खांबाच्याही पलीकडे पडला. नारायणराव मोजत गेले आणि मोजताना त्यांचा आवाज बदलत गेला. चौतीस.

तिसरी लाथ बाईंनी दात खाऊन मारली. चेंडू उभाच्या उभा वर गेला, कडुलिंबाच्या शेंड्याहून वर, इतका की म्हाताऱ्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. आसलखेडानं कधी काही इतकं उंच जाताना पाहिलं नव्हतं. खाली आला तो बावीस पावलांवर.

अर्जुनराव स्वतः चालत गेले. तीनही रेघा त्यांनी पुन्हा पावलांनी मोजल्या. परत आले. "बाई," ते म्हणाले, "तुमचं खरं निघालं. उद्या कागद भेटन."

ओसरीवरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाई लंगडत वर्गात गेल्या आणि दार लावून एकट्याच हसल्या.

कागद दुसऱ्या दिवशी आला. नारायणराव घेऊन आले. एक नाही, दोन होते. एक कायम केल्याचा ठराव, टाइप केलेला, फक्त अध्यक्षांची सही बाकी. दुसरा कागद बाईंनी सही करण्यासाठी. त्यात तीनच ओळी. दिनांक अमुक रोजी शाळेतील पूजेच्या वस्तूवरील शेंदराची खोळ आपोआप गळून पडली, त्यास कोणीही जबाबदार नाही.

"हे कायले?" बाईंनी विचारलं.

"गावात पुढं-मागं कोणी आजारी पडला, पीक बुडालं, तर बोट तुमच्यावर येऊ नये म्हणून. दादासाहेबांनी तुमच्याच भल्यासाठी लिहून घेतलं. एक सही करा आन् सुटा, बाई."

बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला. खरं सांगायचं तर हात पेनाकडे गेला होता. समोर दोन वर्षांचा निकाल पडला होता. मागे जानेफळची वाट होती, तीस एकर होते, आणि एक अखंड आयुष्य ज्यात त्यांना कोणी काही विचारणार नव्हतं. तीन ओळी. उकंडरावाच्या तोंडून तेच शब्द निघाले तेव्हा त्यांना ते गोड लागले होते. पण उकंडराव तसं मानत होता, म्हणून तसं बोलला. आपण मानत नाही. आणि नजर त्या एका शब्दावर अडकली. आपोआप. दोन वर्षं त्या ज्या वर्गात उभ्या होत्या, तिथे पहिल्या दिवशी पहिली गोष्ट काय शिकवली होती? की या जगात काहीही आपोआप हलत नाही. दगड हलत नाही, चेंडू हलत नाही, माणूस हलत नाही. बाहेरून कोणीतरी जोर लावावा लागतो. हे सोडलं तर मग शिकवायला उरलं काय?

त्यांनी प्रयोगाच्या तराजूवर उकंडरावाकडून मागून आणलेले तुकडे ठेवले, वजन केलं, आणि 'आपोआप'वर काट मारली. खाली आपल्या हातानं लिहिलं:

"खोळ आपोआप पडली नाही. स्थिर वस्तू बाहेरून बल लावल्याशिवाय हलत नाही. ते बल मी लावले. पहिल्या वेळी अंगठ्याने, जे चूक होते. नंतर तीन वेळा पायाच्या वरच्या भागाने, जे बरोबर होते. खोळीचे वजन दोनशे ऐंशी ग्रॅम. सही, अन्नपूर्णा पुंजाजी, बी. एस्सी."

नारायणरावांनी वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "बाई, हे तुम्ही काय करून राह्यल्या? दादासाहेबाच्या तोंडावर मारायचं का हे?"

"हाव," बाई म्हणाल्या. "तुम्ही मारू नका, मी स्वतः नेऊन देतो."

आणि नेऊन दिला. अर्जुनरावांनी तो त्यांच्यासमोरच वाचला, घडी घातली, आणि ठराव फाडला. जोरात नाही, सावकाश, चार तुकडे. वर्ष संपेपर्यंत शिकवा म्हणाले, मध्येच काढून मुलांचं नुकसान करायचं नाही म्हणाले. एवढा चांगुलपणा त्यांच्यात होता, आणि त्याचाच बाईंना जास्त संताप आला.

एप्रिलच्या शेवटी पुंजाजी मोटारीनं न्यायला आले. बोलीप्रमाणे. ट्रंक टपावर चढवून झाल्यावर मुलीशेजारी बसले. जळगाव जामोद मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "खरंच मारली का गं लाथ?"

"हाव, बाबा."

"पायाले लागलं का?"

बाईंना वाटलं होतं बाप ओरडेल. त्यांनी पाय पुढे केला. अंगठ्यावर अर्धं नख आलं होतं. पुंजाजींनी तो हातात धरून पाहिला आणि हातातच धरून ठेवला.

तीस एकरांच्या धन्यानं मुलगी पाहायला यायचा दिवस ठरला आणि त्याच दिवशी सकाळी निरोप आला. लाथा मारणारी बायको त्याला नको होती. भावकीनं तोंडात शेण घातल्यासारखं तोंड केलं. बाईंनी त्या दिवशी स्वतः पुरण घातलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्जुनराव जानेफळला आले. एकटे, धुळीनं माखलेले, दोन मोटारी बदलून. पुंजाजींनी पाणी दिलं, बाजेवर बसवलं. बाई वाफ्यातून तशाच हात चिखलानं भरलेल्या आल्या.

अर्जुनराव इकडचं तिकडचं बोलले आणि मग मुद्द्यावर आले. जाहिरात दिली होती. विज्ञानाचा पदवीधर सातपुड्याखाली यायला कोणी तयार नाही. एक आला तो गाव पाहून त्याच मोटारीनं परत गेला. विज्ञानाचा मास्तर नसेल तर मान्यता जाईल, शाळा आठवीवर येईल. "तुम्ही चला," ते म्हणाले. "कायम सध्या नाही करता येत, गाव ऐकत नाही. वर्षावर्षाची नेमणूक. आन् तो फाईलीतला कागद तेवढा मागं घ्या. साहेब तपासणीले येतात, बरं दिसत नाही."

"येतो," बाई म्हणाल्या. "वर्षावर्षाची बी चालन. पण कागद फाईलीतच राहीन. आन् गतीचा धडा मैदानातच होईन, दर वर्षी."

अर्जुनरावांनी बराच वेळ पंच्यानं मान पुसली. मग मान हलवली. हो म्हणाले नाहीत, पण हलवली.

"आन् बॉल नवा लागन," बाई म्हणाल्या.

"काऊन? जुना हाय ना. उकंडरावानं पुन्हा कोनाड्यात..."

"कोनाड्यातल्याची शिवण उसवली, दादासाहेब. मार्च-एप्रिल पहाटे नाल्यातल्या वाळूत पोरींनी मारला तो रोज. उकंडरावच काढून द्यायचा आन् उजाडायच्या आत पुसून ठेवायचा."

अर्जुनराव बाजेवरून उठता उठता पुन्हा बसले. "पोरींनी? कोणाच्या पोरींनी?"

"साऱ्यांच्या," बाई म्हणाल्या. "सगळ्यात लांब तुमच्या पुष्पाचा जाते. एकेचाळीस पावलं."